उताणं निजवण्याची सवय

डोंगरात कुणी पडलं की बचावकार्याचं यश आपण दोनच गोष्टींवर मोजतो: पथक किती लवकर पोहोचलं आणि जखमीला किती लवकर खाली आणलं. बातमी याच मापाने लिहिली जाते, शाबासकीही याच मापाने मिळते. सह्याद्रीत अडल्या-पडल्याला धावून जाणाऱ्या पथकांचा सरावसुद्धा बहुतेक करून दोर, गाठी, अँकर आणि स्ट्रेचर उतरवण्याच्या पद्धती यांभोवतीच फिरतो. पदरमोड करून, भर पावसात, रात्रीबेरात्री ही माणसं अनोळखी माणसासाठी कड्यावर जातात. त्यांच्याबद्दल मनात नितांत आदर आहे आणि म्हणूनच हे लिहावंसं वाटतं. कारण त्या मापात एक प्रश्न विचारलाच जात नाही: खाली येईपर्यंतच्या कित्येक तासांत तो माणूस कोणत्या स्थितीत होता, आणि त्या स्थितीत त्याला श्वास घेता येत होता का?

प्रचलित समज असा, की जखमीला उताणं निजवावं, हलणार नाही असं बांधावं आणि जमेल तितक्या वेगाने दवाखान्यात न्यावं. बाकीचं डॉक्टर बघतील. हा समज वरवरचा आहे. माझं प्रतिपादन असं: दवाखान्यापासून दूर असताना शरीराची स्थिती हाच श्वासावरचा पहिला आणि बहुधा एकमेव उपचार असतो. उताणं निजवणं म्हणजे काहीच न करणं नव्हे. तोही उपचाराचाच एक निर्णय आहे, आणि अनेक रुग्णांच्या बाबतीत तो चुकीचा निर्णय आहे. हे मी टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. शहरातला वेळ आणि डोंगरातला वेळ

रस्त्यावरच्या अपघातासाठी तयार झालेले नियम आपण जसेच्या तसे डोंगरात नेले, इथून गोंधळाला सुरुवात होते. शहरात रुग्णवाहिका येते. तिच्यात प्राणवायू असतो, घशातला स्राव ओढून काढणारं सक्शन यंत्र असतं, श्वासनलिकेत नळी घालू शकणारा माणूस असू शकतो. तिथे उताणं निजवण्याचा धोका ही साधनं सावरून घेतात, आणि सावरायचं असतं तेही थोडा वेळ.

हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत यातलं काही नसतं. १०८ची रुग्णवाहिका पायथ्याच्या गावापर्यंतच येते. तिथवर पोहोचायचं तर दगडधोंड्यांनी भरलेली घळ उतरायची, सहा-आठ जणांनी आळीपाळीने स्ट्रेचर धरायचं, अवघड टप्प्यावर दोर लावायचा. यात तासन्‌तास जातात. प्राणवायू पूर्ण तुटला तर मेंदूला कायमची इजा व्हायला चार ते सहा मिनिटं पुरतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वेगाचा युक्तिवाद लंगडा पडतो. पथकाने उतरण्याच्या वेळातून एक तास वाचवला, पण त्या वेळात श्वास पाच मिनिटं अडून राहिला, तर वाचवलेल्या तासाचा काहीही उपयोग नाही.

२. उताण्या शरीरात श्वासाचं काय होतं

यात तीन वेगवेगळ्या गोष्टी घडतात. त्या वेगळ्या ओळखायला हव्यात, कारण प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे.

पहिली गोष्ट वाट बंद होण्याची. शुद्ध हरपली की जबड्याचे आणि घशाचे स्नायू सैल पडतात. माणूस उताणा असेल तर जिभेचा मागचा भाग आणि टाळूचा मऊ भाग घशाच्या मागच्या भिंतीवर जाऊन टेकतात. हवेची वाट अरुंद होते आणि घोरल्यासारखा आवाज येतो. “शांत झोपलाय, घोरतोय” असं म्हणून आसपासचे निश्चिंत होतात. डोक्याला मार लागलेल्या माणसाचं हे घोरणं म्हणजे अर्धवट बंद झालेल्या श्वासमार्गाचा आवाज असतो.

दुसरी गोष्ट द्रवाची. रक्त, लाळ, उलटी हे सगळं उताण्या माणसाच्या घशात साठतं. शुद्धीवरचा माणूस खोकतो, गिळतो, थुंकतो. बेशुद्ध माणसाच्या या प्रतिक्रिया मंदावतात आणि तो द्रव फुप्फुसांत उतरतो. तेव्हा घुरघुर ऐकू येते. डोंगरात सक्शन यंत्र नसतं, गुरुत्वाकर्षण मात्र असतं. तोंड खालच्या बाजूला कललेलं असेल तर तो द्रव बाहेर ओघळतो. तोंड आभाळाकडे असेल तर तोच आत जातो. बळ तेच, फक्त आपण त्याला कोणती दिशा देतो एवढाच फरक.

तिसरी गोष्ट श्वासपटलाची. छाती आणि पोट यांच्यामधला हा स्नायूचा पडदा स्वस्थ श्वासाचं बहुतांश काम करतो. उभ्या माणसाचे पोटातले अवयव खाली लोंबतात आणि पडद्याला खाली सरकायला जागा मिळते. माणूस आडवा झाला की तेच अवयव पडद्याला छातीकडे ढकलतात. श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत जी हवा शिल्लक राहते, ती उभं असताना असते त्यापेक्षा अर्धा ते एक लिटरने कमी होते. धडधाकट माणसाला हे जाणवतही नाही. स्थूल माणूस, गरोदर स्त्री, बरगड्या मोडलेला, दम्याचा किंवा हृदयविकाराचा रुग्ण यांच्यासाठी तेवढाच फरक निर्णायक ठरू शकतो.

यावरून एक निष्कर्ष सरळ निघतो. पहिल्या दोन अडचणींवर कूस हा उपाय आहे, तिसरीवर बसणं हा. बेशुद्ध माणसाला वळवायचं, धाप लागलेल्या शुद्धीवरच्या माणसाला उठवून बसवायचं. दोघांनाही एकाच पद्धतीने उताणं बांधणं म्हणजे दोन्ही उपाय नाकारणं.

३. नवा शोध नव्हे, विसरलेलं ज्ञान

ही कुठल्या आधुनिक यंत्राने आणलेली माहिती नाही. ब्रिटिश वैद्य मार्शल हॉल यांनी १८५६ मध्येच सांगितलं होतं, की बुडालेल्या माणसाला उताणं ठेवलं तर जीभ मागे पडून वाट बंद होते. त्याला पालथा आणि कुशीवर वळवायला हवं. रॉबर्ट बाउल्स यांनी १८९१ मध्ये पक्षाघाताचा झटका येऊन बेशुद्ध पडलेल्या रुग्णांच्या घोरण्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यांना कुशीवर वळवण्याचा आग्रह धरला.

पहिल्या महायुद्धातला अनुभव याहून बोलका आहे. लष्करी डॉक्टर विल्यम केल्सी फ्राय यांनी जबड्याला गोळी लागलेल्या एका सैनिकाला डोकं पुढे झुकवून चालवत मदतकेंद्रापर्यंत आणलं. तिथे त्याला रीतसर स्ट्रेचरवर उताणं निजवलं गेलं आणि थोड्याच वेळात तो गुदमरून गेला. जखम तीच, माणूस तोच. बदलली होती फक्त स्थिती. आज अमेरिकी सैन्याची रणभूमीवरच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात, की शुद्धीवरच्या जखमीला श्वास सर्वांत मोकळा वाटेल त्या स्थितीत राहू द्यावं, त्यात पुढे झुकून बसणंही आलं. आणि बेशुद्ध जखमीला कुशीवर ठेवावं.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस पीटर सफर यांनी भूल दिलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखवलं, की डोकं मागे झुकवून जबडा पुढे ओढला की जीभ घशापासून सुटते. म्हणजे कारणही ठाऊक आहे, उपायही ठाऊक आहे. डोंगरातल्या सवयीत तो उतरलेला नाही, एवढंच.

४. विंचू आणि मण्यार: दोन दंश, दोन उलट स्थिती

“मग सगळ्यांना कुशीवरच ठेवायचं” असा नवा साचा कुणी तयार करू नये. कोकणातली दोन उदाहरणं त्यासाठी पुरेशी आहेत.

लाल विंचवाच्या दंशाने माणसं का दगावतात, हे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्या कामामुळे जगाला नीट कळलं. विषामुळे हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरतं. त्यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन हे औषध वापरून या मृत्यूंना आळा घातला. औषध मिळेपर्यंतच्या वाटेवर मात्र फुप्फुसांत पाणी भरलेल्या या माणसाला आडवं केलं तर त्याचा दम अधिकच कोंडतो. शुद्धीवर असेल तर त्याला बसवून, पाठीला आधार देऊनच न्यायला हवं.

मण्यारीचा दंश याच्या अगदी उलट. तो बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला होतो आणि दुखतही फारसं नाही. काही तासांत पापण्या जड होतात, बोलणं घोगरं होतं, लाळ गिळता येत नाही. इथे घशाचे स्नायूच लुळे पडू लागलेले असतात. अशा माणसाला उताणं निजवलं तर तो स्वतःच्या लाळेत गुदमरू शकतो. त्याला कुशीवरच ठेवायचं. डोळे मिटलेले असले आणि हात हलत नसला तरी त्याला सगळं ऐकू येत असतं, हेही लक्षात ठेवायचं. आणि श्वासाचे स्नायूच थकले तर कोणतीही कूस पुरणार नाही, तोंडाने किंवा हाताने दाबायच्या श्वासपिशवीने श्वास द्यावा लागेल, याची तयारी ठेवायची.

गाव एक, रात्र एक, अंतर एक. तरी एकाला बसवायचं आणि दुसऱ्याला वळवायचं. दम्याचा रुग्ण पुढे झुकून, हात गुडघ्यांवर टेकून बसतो. त्याला आडवं करू नये. हिमालयात उंचीमुळे फुप्फुसांत पाणी भरलेल्या ट्रेकरला शक्य तितकं ताठ बसवून खाली आणावं.

एका बाजूच्या बरगड्या मोडल्या असतील तर प्रश्न खरोखर अवघड होतो. शाबूत बाजू खाली ठेवली तर गुरुत्वाकर्षणामुळे अधिक रक्त चांगल्या फुप्फुसाकडे जातं आणि प्राणवायू चांगला मिसळतो. पण जखमी बाजू खाली ठेवली तर मोडक्या बरगड्यांना टेका मिळून वेदना कमी होऊ शकते, आणि खोकल्यातून रक्त येत असेल तर ते चांगल्या फुप्फुसात ओघळत नाही. इथे पाठ केलेला नियम कामाचा नाही. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्यालाच विचारावं आणि त्याच्या श्वासाकडे बघून ठरवावं.

५. स्ट्रेचर, झोळी आणि उतार

स्थिती एकदा ठरवली म्हणजे काम संपलं, असंही नाही. वाहून नेण्याची पद्धतच श्वासावर घाव घालू शकते.

पट्टे हे पहिलं उदाहरण. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना पाठीच्या फळीसारख्या साधनांवर बांधलं, तेव्हा त्यांची श्वासाची क्षमता सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी घटली. निरोगी माणसाचं हे, तर छातीला मार लागलेल्याचं काय? कड्यावर स्ट्रेचर उभं होणार म्हणून आपण पट्टे अधिकच आवळतो. भार कंबरेच्या हाडावर, मांड्यांवर आणि खांद्यांवर घ्यावा. छातीवरचा पट्टा रुग्णाला दीर्घ श्वास घ्यायला लावून मगच बसवावा आणि त्याखाली हात शिरतो का ते पाहावं.

दुसरं उदाहरण झोळीचं. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीच्या पाड्यांवर रस्ता नाही म्हणून आजही रुग्णाला बांबूला बांधलेल्या झोळीतून नेतात. तो लोकांचा दोष नाही, ती रस्ता न पोहोचवणाऱ्या व्यवस्थेची जबाबदारी आहे. पण झोळीत शरीर मध्ये दुमडतं, हनुवटी छातीला टेकते, मांड्या पोटावर दाब आणतात. बेशुद्ध माणसाची श्वासाची वाट बंद करायला याहून सोपी रचना नाही. दोन बांबूंमध्ये घोंगडी ताणून पाठ सरळ राहील अशी डोली केली, झोळीच वापरावी लागली तर खांद्यांखाली घडी घालून मान मोकळी ठेवली, आणि एक माणूस सतत चेहऱ्याजवळ चालवला, तरी धोका बराच कमी होतो.

तिसरा मुद्दा उताराचा. स्ट्रेचर उतरताना डोकं खालच्या बाजूला गेलं तर पोटातले अवयव थेट श्वासपटलावर येतात, उलटी घशाकडे सरकते. म्हणून उतरताना पाय पुढे आणि चढताना डोकं पुढे. दोन्ही वेळा डोकं वरच्या अंगाला. पाठुंगळी घेतलेल्या रुग्णाची छाती वाहणाऱ्याच्या पाठीवर दाबली जाते आणि खांद्यावर आडव्या टाकलेल्याचं पोट. थोडक्या अंतरासाठी हे चालेल, तासभराच्या वाटेसाठी नाही.

६. चार आक्षेप

पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप मणक्याचा: “वळवताना मान हलली आणि मज्जारज्जूला इजा झाली तर?” ही भीती खोटी नाही. पण तिचं वजन तराजूत नीट घालायला हवं. मणक्याची इजा असेलच असं नाही; बेशुद्ध उताण्या माणसाचा श्वासमार्ग मात्र अडण्याच्या वाटेवर असतोच. मलेशिया आणि अमेरिकेतलं न्यू मेक्सिको इथल्या रुग्णांची तुलना करणारा एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. मलेशियातल्या रुग्णांना वाटेत मणका स्थिर करण्याचे उपाय मिळाले नव्हते, तरी त्यांच्यात मज्जासंस्थेचं अपंगत्व जास्त आढळलं नाही, उलट कमी आढळलं. दोन देशांच्या परिस्थितीत फरक असल्याने हा अंतिम पुरावा नाही. पण घट्ट बांधणं म्हणजेच सुरक्षितता, या श्रद्धेला तो हादरा देतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली नॉर्वेची मार्गदर्शक तत्त्वं बेशुद्ध जखमीला मणका सरळ ठेवून कुशीवर वळवायलाच सांगतात. रीतही अवघड नाही. एकाने डोकं आणि मान धरायची, बाकीच्यांनी खांदा, कंबर आणि पाय एकाच वेळी वळवायचे. एकटाच मदतनीस असेल तर रुग्णाचा खालचा हात डोक्याच्या वर सरळ ठेवून त्यावर डोकं टेकवायचं आणि दोन्ही गुडघे दुमडायचे. मणका जपायचा आहेच, पण श्वास घेणाऱ्या माणसाचा.

दुसरा आक्षेप शॉकचा: “रक्तस्राव झालाय, डोकं खाली आणि पाय वर करायला नकोत का?” संपूर्ण शरीर डोक्याकडे उतरतं करण्याची ही पद्धत जर्मन शल्यविशारद फ्रिड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग यांच्या नावाने ओळखली जाते. ती मुळात ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेच्या सोयीसाठी होती. शॉकवरचा उपाय म्हणून ती पहिल्या महायुद्धात रूढ झाली. तिचा फायदा झालाच तर अल्पकाळ टिकतो आणि श्वासपटलावरचा भार मात्र लगेच वाढतो. वाहत्या रक्तावरचा उपाय जखमेवर दाब देणं हा आहे, शरीर उलटं करणं नव्हे.

तिसरा आक्षेप गिर्यारोहकांकडून येतो: “हार्नेसमध्ये लटकून राहिलेल्याला लगेच आडवं केलं तर पायात साठलेलं रक्त हृदयाकडे येऊन तो दगावतो.” ही समजूत वर्षानुवर्षं शिकवली गेली. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा विभागासाठी झालेल्या २००९च्या आढाव्यात तिला आधार सापडला नाही. दोरावर लटकलेल्या बेशुद्ध माणसाची मान लोंबते आणि श्वासाची वाट बंद होते. त्याला तातडीने खाली घेऊन आडवं करणं आणि श्वास मोकळा करणं हेच योग्य. इथेही एका चुकीच्या स्थितीची भीती दुसऱ्या, जास्त घातक स्थितीला जन्म देत होती.

चौथा आक्षेप व्यवहाराचा: “कुशीवरचा माणूस स्ट्रेचरमध्ये घसरेल.” घसरेल, जर पाठीमागे आणि पोटासमोर काही भरलं नाही तर. सॅक, मॅट, गुंडाळलेलं जॅकेट, स्लीपिंग बॅग प्रत्येक ट्रेकरकडे असतात. ती भरून मग पट्टे बांधले की कूस टिकते. खालच्या हातावर दाब येतो, म्हणून साधारण अर्ध्या तासाने बाजू बदलायची. उभ्या कातळावरचा दोराचा टप्पा कुशीवर करणं अशक्यच असेल, तर तेवढ्या टप्प्यापुरतं उताणं ठेवावं, एकाने जबडा पुढे धरून सोबत उतरावं आणि टप्पा संपताच परत वळवावं. अपवाद अपवादापुरताच ठेवायचा. त्यालाच पुढच्या पाच तासांचा नियम करायचा नाही.

एक मर्यादा मलाही मान्य आहे. श्वास थांबलेलाच असेल, तर सगळी चर्चा बाजूला ठेवून माणसाला कठीण पृष्ठभागावर उताणं घ्यायचं आणि सीपीआर सुरू करायचा. स्थिती श्वास टिकवते. थांबलेला श्वास ती परत आणत नाही.

७. बदल कुठे हवा

पहिला बदल सरावात हवा. प्रत्येक स्वयंसेवकाला एकदा तरी स्ट्रेचरवर बांधून उतारावरून न्यावं. छातीवरचा पट्टा काय करतो, हे पुस्तकातून कळत नाही.

दुसरा बदल कामाच्या वाटणीत. दोराचा प्रमुख असतो, तसा श्वासाचा प्रमुख असावा. त्याने स्ट्रेचर उचलू नये, दोर धरू नये. रुग्णाच्या डोक्याशी चालावं. पावसात प्लास्टिक आणि ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या रुग्णाची छाती हलताना दिसत नाही, म्हणून त्याने हात आत घालून ती चाचपावी, मिनिटाचे श्वास मोजावेत, आवाज ऐकावा, शुद्धीवरच्याला बोलतं ठेवून एका श्वासात किती शब्द येतात ते पाहावं. “थांबा” म्हणण्याचा त्याचा अधिकार सगळ्यांनी मानावा.

तिसरा बदल नोंदीत. रुग्ण सोपवताना डॉक्टरांना सांगायला हवं: कोणत्या स्थितीत आणला, स्थिती केव्हा बदलली, तेव्हा श्वास सुधारला की बिघडला. आज आपण वेळ आणि अंतर लिहितो, म्हणून तेवढंच सुधारतो.

रस्ते व्हायला वर्षं लागतील, हेलिकॉप्टर प्रत्येक घळीत उतरणार नाही, डोंगरात प्राणवायूचा सिलिंडर नेणं कष्टाचं आहे. त्या सगळ्यासाठी भांडावं लागेल आणि भांडायलाच हवं. पण बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवायला, धापणाऱ्याला बसवायला आणि एका माणसाला त्याच्या चेहऱ्याशी ठेवायला पैसा लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून ते न करण्याला सबबही उरत नाही.